गोझोची छोटी ट्रिप: बेळगावकरांनी प्लॅन कसा करायचा

परदेशातल्या बीचवर जायचं म्हटलं की आपल्या बेळगावात पहिला प्रश्न ठरलेला, "अरे गोवा हाय की अडीच तासावर, चोर्ला उतरलं की समुद्रच, मग एवढे पैसे घालून तिकडं कशाला?" आणि प्रश्न एकदम बरोबर हाय. वाळूत चटई टाकून पडायचं, शॅकमधे बसून फिश थाळी हाणायची, संध्याकाळी सूर्यास्ताचे फोटो काढायचे, एवढंच पाहिजे असेल तर गोवा नाहीतर वेंगुर्ला-मालवण पुष्कळ झालं, व्हिसाच्या भानगडीत पडूच नका.

भूमध्य समुद्रातल्या बेटावर वाळूसाठी जायचंच नसतं. तिथं जायचं ते खडकांसाठी आणि पाण्यासाठी. माल्टा या चिमुकल्या देशाचं उदाहरण घेऊन सांगतो, कारण छोट्या सुट्टीला आणि पहिल्यांदा युरोपात जाणाऱ्याला ते सगळ्यात सोपं पडतं, इंग्लिश तिथली सरकारी भाषा हाय (माल्टीजच्या जोडीला), गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, आणि सगळा देश मिळून ३१६ चौरस किलोमीटर. त्यातली मोठी बेटं दोन, माल्टा आणि गोझो, मधे चिमुकलं कोमिनो. माझं म्हणणं एवढंच की निसर्ग आणि समुद्र हवा असेल तर मुक्काम गोझोला टाका, माल्टाला नव्हे. बहुतेक पॅकेजवाले उलटं करतात, माल्टा बेटावरच्या स्लीमा नाहीतर सेंट ज्युलियन्सला हॉटेल देतात आणि गोझो एका दिवसात पळवून आणतात. मग लोक येऊन सांगतात, सगळीकडं बिल्डिंगाच बिल्डिंगा आणि क्रेन दिसल्या म्हणून. दिसणारच की.

पाणी एवढं स्वच्छ का, तर माल्टात बारमाही नदी एकसुद्धा नाही. आपल्या खानापूर तालुक्यातनं निघालेली म्हादई गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते आणि पावसाळ्यात येताना लाल माती घेऊनच येते, तसला प्रकार तिथं नाहीच, चुनखडीचा दगड आणि थेट समुद्र. वर भरती-ओहोटी नावापुरती, गोव्यात दोनेक मीटर पाणी वरखाली होतं तर तिथं जेमतेम वीतभर. त्यामुळं वाळू ढवळत नाही, खडकावर बसून खाली बघितलं तर तळ दिसतो, मासे दिसतात. मास्क आणि स्नॉर्केल (पाण्यात तोंड घालून श्वास घ्यायची नळी) इथनंच घेऊन जा, तिथं प्रत्येक वेळी भाड्यानं घेत बसू नका.

कधी जायचं

इथं आपला पावसाळी हिशोब उलटा करून ठेवायचा. आपल्याकडं जून-जुलै आला की आंबोली, जांबोटी, तिलारी हिरवीगार, आणि मार्च-एप्रिलला सगळं वाळून कोळ. तिकडं पाऊस हिवाळ्यात. वर्षाला ५५-६० सेंटीमीटर, तो पण बहुतेक ऑक्टोबर ते फेब्रुवारी, आणि जून ते ऑगस्ट जवळपास कोरडे ठक्क. म्हणजे हिरवळ आणि रानफुलं बघायची असतील तर फेब्रुवारी शेवट ते एप्रिल, पण तेव्हा पाणी १५-१६ डिग्री, आपल्याला पाय घालवणार नाही. पोहायचं असेल तर जून ते ऑक्टोबर, पण तेव्हा डोंगर पिवळे-तपकिरी. दोन्ही एकदम मिळत नाही, आधी घरात ठरवा तुम्हाला काय पाहिजे.

पोरांच्या शाळा बघून जायचं तर आपल्याकडं दोनच जागा सापडतात. एक मे महिना. मेच्या शेवटाला पाणी १९-२० डिग्रीला आलेलं असतं, थंडच वाटतं पण उन्हात उडी मारली की चालतंय, खडकांवर ओव्यासारख्या वासाच्या रानझुडपांची (थाईम) जांभळी फुलं असतात, गर्दी कमी. दुसरी दसऱ्याची सुट्टी. ऑक्टोबरच्या सुरवातीला समुद्र अजून २४ डिग्रीच्या आसपास असतो, उन्हाळाभर तापलेला, हवा पण जरा बरी झालेली. माझं मत विचाराल तर दसराच. एखादी सर येते, गडगडाट करून जाते, एक दिवस वाया जाईल असं धरूनच चला. जुलै-ऑगस्ट मात्र टाळा, ऊन पस्तिशीला टेकतं, रूमचे भाव चढतात, आणि १५ ऑगस्टची लाँग वीकेंड बघून तिकीट काढायचा मोह तर अजिबातच नको, त्याच दिवशी तिथं सांता मारियाचा मोठा सण असतो आणि इटलीवाल्यांची पण सुट्टी, शेजारचं इटलीचं सिसिली बेट सगळंच गोझोला येतंय काय असं वाटतं.

दिवस किती, तर जायचा-यायचा प्रवास सोडून सहा रात्री. पाच गोझोला, शेवटची एक माल्टाला. यापेक्षा कमी केलात तर प्रवासाचा शिणच जास्त. आणि मधेच सिसिली, रोम असं काही घुसडू नका, नकाशात जवळ दिसतं म्हणून.

कागदपत्रं

माल्टा शेंगेनमधे हाय (युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांचा गट), म्हणजे शेंगेन व्हिसा. अर्ज ट्रिपच्या ६ महिने आधीपासनं करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी गेलाच पाहिजे, पण १५ दिवसावर ठेवायचा वेडेपणा करू नका, दोन-अडीच महिने आधी लागा. अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, आणि बोटांचे ठसे द्यायला बेंगळुरू नाहीतर मुंबईसारख्या गावाला स्वतः जावं लागतं, मागच्या पाच वर्षांत शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर बहुतेक परत लागत नाहीत. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या पोरांना ४५, सहाच्या खाली फुकट. सेंटरवाल्यांचा सर्व्हिस चार्ज वेगळा. व्हिसा नाही मिळाला तर फी परत नाही.

पासपोर्ट परत यायच्या तारखेनंतर ३ महिने तरी चालला पाहिजे, दहा वर्षांच्या आत काढलेला पाहिजे आणि दोन पानं कोरी. ट्रॅव्हल इन्शुरन्स ३०,००० युरोच्या कव्हरचा, आणि सगळे दिवस धरून. बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न, नोकरीवाल्यांना रजेचं पत्र, दुकानदारांना जीएसटीचे कागद. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मामाकडनं चार लाख खात्यात घेऊन बॅलन्स फुगवायची आयडिया सगळ्यांना सुचते, आणि ती तपासणाऱ्याला पण लगेच दिसते.

आता खास आपल्या भागातलं. आपले बरेचसे कागद कन्नडमधे असतात, जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, जमिनीचा उतारा, आणि निपाणी-खानापूरकडच्या जुन्या लोकांकडं मराठीत पण. दोन्ही भाषा व्हिसावाल्यांना सारख्याच, म्हणजे दोन्ही कळत नाहीत, सीमाप्रश्न तेवढ्यापुरता सुटला म्हणायचा. इंग्लिश भाषांतर नोटरी करून जोडा. दुसरं म्हणजे गावाचं नाव. नोव्हेंबर २०१४ मधे सरकारनं बेळगावचं बेळगावी केलं, त्यामुळं जुन्या पासपोर्टवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. एवढ्यावरनं व्हिसा अडत नाही पण फॉर्ममधे जे पासपोर्टवर हाय तेच लिहा, अक्षरन् अक्षर. नावात वडिलांचं नाव एकीकडं मधे, एकीकडं शेवटी, हा आपला दुसरा घोळ, तो मात्र तिकीट काढायच्या आधी निस्तरा.

हॉटेल बुकिंग कॅन्सल होणारं घ्या. तिकीट पण व्हिसा हातात पडेपर्यंत नुसतं रिझर्व्हेशन ठेवलेलं बरं.

जायचं कसं

भारतातनं माल्टाला सरळ फ्लाइट नाही. मुंबई नाहीतर बेंगळुरूहून दुबई, इस्तंबूल, रोम, फ्रँकफर्ट असं कुठंतरी बदलून जायचं. दुबई-इस्तंबूलमार्गे गेलात तर इमिग्रेशन माल्टात होतं, रोम-फ्रँकफर्टमार्गे गेलात तर तिथंच. ऑक्टोबर २०२५ पासनं युरोपच्या बॉर्डरवर नुसता शिक्का न मारता फोटो आणि बोटांचे ठसे घ्यायची पद्धत सुरू झाली, लाईन लांबतात, त्यामुळं युरोपात बदल असेल तर मधे तीन तास ठेवा, दीड तासाचं कनेक्शन स्वस्त दिसलं तरी सोडून द्या. लंडनमार्गे तिकीट दिसलं तर ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागेल काय ते आधी बघा, आपल्या पासपोर्टला बहुतेक लागतोच, म्हणून तो रस्ताच नको.

खरी गंमत बेळगाव ते मोठ्या एअरपोर्टपर्यंतची. सांबऱ्याहून छोटं विमान पकडून त्याच दिवशी मुंबईहून पुढचं, आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी, असं करू नका, पहिलं लेट झालं की दुसऱ्याला तुमची काळजी नसते. आदल्या दिवशी पोचा. बेंगळुरूला ऑगस्ट २०२५ पासनं बेळगावहून वंदे भारत सुरू झाली हाय, पहाटे बसलं की दुपारी बेंगळुरू, रात्रीची फ्लाइट असेल तर ते सगळ्यात निवांत, फक्त स्टेशनापासनं एअरपोर्ट गाठायला दोन तास वेगळे धरा. मुंबईला रात्रीची बस धरणाऱ्यांनी कोल्हापूर-सातारा हायवेच्या कामाचा अंदाज घेऊन निघावं, आणि जुलै-ऑगस्ट असेल तर पंचगंगेचा पण, २०१९ ला आणि २०२१ ला पुरानं हायवेच बंद पडला होता.

माल्टा एअरपोर्टावर उतरलात की एक्स-१ नंबरची बस थेट चिर्केवाला जाते, बेटाच्या पार उत्तर टोकाला, तिथनं गोझोची फेरी. बसला दीडेक तास, फेरीला २५ मिनिटं, फेरी रात्रंदिवस चालते. जाताना तिकीट कोण विचारत नाही म्हणून दचकू नका, पैसे परत येताना गोझोच्या बाजूला घेतात, माणशी पाच युरोच्या आत. सामान आणि म्हातारी माणसं असतील तर बसच्या नादी न लागता टॅक्सी करा. व्हॅलेटाहून, म्हणजे माल्टाच्या राजधानीतनं, एक फास्ट फेरी पण हाय, पाऊण तासात सरळ गोझोच्या इमजार बंदरात, एअरपोर्टाहून व्हॅलेटा जवळ पडतं म्हणून ती सोयीची, पण वारा सुटला की पहिल्यांदा तीच बंद होते.

राहायचं कुठं, फिरायचं कसं

गोझो १४ किलोमीटर लांब, ७ किलोमीटर रुंद. बेळगावातनं सांबऱ्याच्या जरा पुढं गेलात की बेट संपलं, एवढंच. बसनं फिरणार असाल तर मधल्या व्हिक्टोरिया गावात राहा, बहुतेक बसा तिथनंच सुटतात आणि तिथंच परत येतात, एका गावातनं दुसऱ्या गावाला जायचं तर बऱ्याचदा व्हिक्टोरियाला बदलायला लागतं. बसा तासाला एक अशा हिशोबानं चालतात, सात दिवसांचं कार्ड साधारण २५ युरोला मिळतं, दोन्ही बेटांवर चालतं. समुद्राच्या काठावरच राहायचं असेल तर श्लेन्दी नाहीतर मार्सालफोर्न.

आठ-दहा जण मिळून जाणार असाल, म्हणजे दोन भाऊ, वहिन्या, पोरं, आई-बाबा, तर हॉटेलच्या नादी लागूच नका. गोझोत जुनी दगडी शेतघरं भाड्यानं देतात, फार्महाऊस म्हणतात, चार-पाच खोल्या, किचन, बऱ्याच ठिकाणी अंगणात छोटा पूल. माणशी हिशोब केला तर हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं आणि सकाळी चहा कुणाकडं मागायला नको. आई-बाबांना पण बरं, ते गच्चीत बसतात, तुम्ही समुद्रावर जावा.

गाडी भाड्यानं घ्यायची तर इथल्या आरटीओतनं इंटरनॅशनल परमिट काढून न्या. स्टीअरिंग उजवीकडं, रस्ते अरुंद, दगडी कुंपणं अंगाला लागतील एवढी जवळ, पण अनगोळ-शहापूरच्या गल्ल्यांत ज्यांनी गाडी घातली त्यांना काय वाटणार नाही. नकाशावरची स्पेलिंगं बघून मात्र गोंधळायला होतं, तर एक्स दिसला की श वाचा, जे दिसला की य, निम्मी गावं तेवढ्यात सुटतात.

वारा बघून बीच ठरवा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि कुठल्याच पॅकेजवाल्याच्या कागदावर नसतं. भरती-ओहोटीचं टेबल बघायची गरज नाही म्हटलं, पण वारा रोज सकाळी बघायचा. फोनमधल्या कुठल्याही हवामान ॲपमधे वाऱ्याची दिशा येते. तिथं सगळ्यात जास्त वाहतो तो वायव्येचा वारा, माज्जिस्त्राल म्हणतात. तो जोरात असला की उत्तर आणि पश्चिमेकडचे किनारे खवळलेले, तेव्हा दक्षिण बाजूला जायचं, होन्दोक नाहीतर इमजार इश-शिनीला (फेरीचं इमजार बंदर वेगळं). ईशान्येचा वारा असला, त्याला ग्रिगाल म्हणतात, की रामला बीचवर लाटा आणि पश्चिमेकडचं श्लेन्दी शांत. बेट एवढं छोटं की एका बाजूला झेंडा लाल असला तरी अर्ध्या तासात दुसऱ्या बाजूला निवांत पाणी सापडतं, म्हणून सोमवारी इथं मंगळवारी तिथं असं घरनं लिहून नेऊ नका, जागांची यादी न्या आणि रोज त्यातली एक उचला.

रामला हा गोझोतला मोठा वाळूचा बीच, वाळू तांबूस केशरी, बस जाते, वर टेकडीवर ताल-मिश्ता नावाची गुहा हाय तिथनं सगळा बीच खाली दिसतो, फोटोवाल्यांनी सकाळी जावं. पण रामलाला पाण्यात ओढ असते, पोहायला नीट येणाऱ्यानं पण झेंडा बघूनच उतरावं. होन्दोक छोटं, समोर कोमिनो, पाण्यात उतरायला शिड्या, पोरांना बरं. विएद इल-आसरी म्हणजे दोन कड्यांच्या मधे घुसलेली समुद्राची चिंचोळी पट्टी, पायऱ्या उतरून जायचं, खाली गोटे, वारा नसलेल्या दिवशीच. पोरं लहान असतील आणि वाळूच पाहिजे म्हणून रडत असतील तर माल्टाच्या बाजूचा मेलिहा बे, लांबवर कमरेएवढंच पाणी, पण तिथं गर्दी हाय आणि गोव्याचीच आठवण येते.

द्वेयरा बघाच. जगभर फोटोत दिसणारी अझुर विंडोची दगडी कमान तिथंच होती, ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली, अजून काही जुन्या माहितीपत्रकांत ती उभी असते म्हणून सांगितलं. कमान नसली तरी जागा तशीच भारी, खडकात आत आलेलं एक तळं हाय, इनलँड सी, त्यातनं छोट्या होड्या डोंगराच्या बोगद्यातनं पलीकडं मोकळ्या समुद्रात नेतात. डायव्हिंग करणारे बाजूच्या ब्लू होलला येतात.

कोमिनोच्या ब्लू लगूनबद्दल थोडक्यात. पाणी खरंच तसल्या निळ्या रंगाचं हाय, आणि गर्दी पण खरंच तसलीच हाय. २०२५ च्या उन्हाळ्यापासनं तिथं उतरायला आधी ऑनलाइन वेळ बुक करून घ्यायला लागतो, बुकिंग फुकट, कोड फोनमधे ठेवायचा. गोझोत राहायचा फायदा इथं कळतो, इमजारहून होडीनं वीस मिनिटांच्या आत पोचता, त्यामुळं माल्टाकडच्या मोठ्या बोटी यायच्या आत सकाळी पहिल्या होडीनं जावा, दहा-साडेदहाला पोहून झालेलं असलं पाहिजे. मग लगून सोडून बेटावर चालत सुटा, १६१८ सालचा टेहळणी बुरूज हाय, पलीकडं सांता मारिया बे, झाड जवळपास नाही म्हणून टोपी आणि पाणी.

पोहणं आणि पाय

आपल्यातल्या बऱ्याच जणांचं पोहणं म्हणजे विहिरीत शिकलेलं किंवा गोवावेसच्या पूलमधलं, ते चांगलंच हाय, पण खडकावरनं उतरायचं म्हणजे पायाखाली एकदम खोल. जायच्या आधी दोन महिने पाण्यावर तरंगायची सवय करा, ज्यांना येत नाही त्यांनी लाइफ जॅकेट, लाजू नका. तिथलं पाणी आपल्या समुद्रापेक्षा जरा जास्त खारट त्यामुळं तरंगायला सोपं जातं, डोळे मात्र चरचरतात.

रबरी तळव्याचे पाण्यात घालायचे बूट हे सामानातलं पहिलं. खडकांना काटेरी समुद्री अर्चिन चिकटलेले असतात, काटा मोडला की तीन दिवस लंगडत फिराल. जांभळट रंगाची छोटी जेलीफिश पण येते अधूनमधून, जांभळा झेंडा दिसला तर पाण्यात जाऊ नका, डसलीच तर चोळायचं नाही, गोडं पाणी घालायचं नाही, समुद्राच्याच पाण्यानं धुवा. इमर्जन्सी नंबर ११२, आणि गोझोचं हॉस्पिटल व्हिक्टोरियातच हाय.

चालायच्या वाटा

समुद्र एक दिवस खराब निघाला तर चालायचं, आणि खरं सांगायचं तर गोझोत पोहण्याएवढंच चालणं भारी. मार्सालफोर्नहून श्वेयनीकडं काठाकाठानं जावा, खडकात चौकोनी खाचे करून केलेली मिठागरं लागतात, शेकडो वर्षांची, अजून उन्हाळ्यात तिथं मीठ काढतात आणि तिथंच पिशवीत घालून विकतात, गावाकडं द्यायला यापेक्षा चांगली वस्तू नाही. पुढं चालत विएद इल-आसरीपर्यंत गेलं की झाला अर्धा दिवस. दुसरी वाट श्लेन्दीहून सनापच्या कड्यांवरनं ता चेंचकडं, खाली सरळ तुटलेला कडा आणि समुद्र. कठडा-बिठडा काही नाही, चुनखडी ठिसूळ असते, सेल्फीसाठी काठावर जायचं नाही म्हणजे नाही. सकाळी नऊच्या आत नाहीतर दुपारी चारनंतर, माणशी दोन लिटर पाणी.

सप्टेंबर-ऑक्टोबरात चालताना बंदुकीचे बार ऐकू आले तर घाबरू नका, पक्ष्यांच्या शिकारीचा तिथं जुना आणि वादाचा शौक हाय. शेताच्या दगडांवर आरटीओ असं रंगवलेलं दिसलं (आपल्या गाड्यांच्या ऑफिसशी संबंध नाही) तर ती खाजगी जागा, वाट सोडून आत शिरायचं नाही. ऊन फार झालं तर शारा गावातलं जगान्तियाचं मंदिर बघा, इसवी सनापूर्वी ३६०० च्या आसपासचं, इजिप्तच्या पिरॅमिडांच्या आधीचं. चर्चमधे जाताना खांदे-गुडघे झाकलेले पाहिजेत, बॅगेत एक ओढणी टाकून ठेवा.

खाणं

सगळ्यात स्वस्त आणि पोटभरीचं म्हणजे पास्तीत्सी, पापुद्र्याची गरम पुडी, आत रिकोटा चीज नाहीतर वाटाणा, एक युरोच्या आसपास. आपल्या कॅम्पातल्या बेकरीत वाढलेल्या माणसाला ते पहिल्या घासात आवडतं. कट्टर शाकाहारी आणि जैन मंडळींनी विचारून घ्यावं, पापुद्र्यात काही ठिकाणी चरबी असते. फ्तिरा म्हणजे जाड रोटीसारखा पाव, टूना न घालता मागा, टोमॅटो, ऑलिव्ह, केपर्स आणि गोझोचं शेळीमेंढीच्या दुधाचं छोटं चीज. वाल-पावट्याच्या जातीची वाटलेली चटणी बिगिल्ला, ती पण शाकाहारी, पावाला लावून खायची. हॉटेलात बसून नीट जेवायचं तर माणशी १५ ते २५ युरो सहज, म्हणून किचन असलेली जागा म्हटलं.

इथनं न्यायचं तर कडक भाकरी, शेंगाचटणी, चिरमुऱ्याचा चिवडा. कुंदा नेऊ नका. बाहेरच्या देशातनं येणाऱ्याला युरोपात दुधाचे आणि मटणाचे पदार्थ सामानातनं नेता येत नाहीत, आणि कुंदा म्हणजे खवाच की ओ. तूप-पेढ्याचं पण तेच, मे महिन्यात जाणाऱ्यांनी हापूस पण घरीच खाऊन जावा.

दुपारी एक ते चार गोझोतली दुकानं बंद, रविवारी तर बरीचशी दिवसभरच, किराणा शनिवारीच भरून ठेवा. नळाचं पाणी बरंचसं समुद्राचं मीठ काढून केलेलं, पिऊन काही होत नाही पण चव लागते, लोक बाटल्याच घेतात. प्रत्येक बाटलीमागं १० सेंट जास्तीचे घेतात आणि रिकामी बाटली मशीनमधे घातली की परत मिळतात, पोरांना ते काम द्या, आवडीनं करतात.

बारीकसारीक: प्लग ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा, ॲडॉप्टर इथनंच घ्या. वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं. पैशाला फॉरेक्स कार्ड, आणि थोडे सुटे युरो खेड्यातल्या दुकानांसाठी. मनातल्या हिशोबाला युरो त्या दिवसाच्या भावापेक्षा जरा महागच धरायचा, खर्च कमी समजण्यापेक्षा जास्त समजलेला बरा.

शेवटची रात्र माल्टाला का, तर जोराचा वारा सुटला की फेरी थांबते आणि फ्लाइट तुमच्यासाठी थांबत नाही. आदल्या दिवशी दुपारीच गोझो सोडा, व्हॅलेटात नाहीतर समोरच्या जुन्या तीन गावांपैकी कुठंतरी खोली घ्या, संध्याकाळी बराक्का बागेतनं बंदर बघून या. तिथनं एअरपोर्ट टॅक्सीनं वीस-पंचवीस मिनिटं. पहाटेची फ्लाइट असेल तर टॅक्सी आदल्या रात्रीच बुक करून ठेवा, आणि मिठाच्या पिशव्या चेक-इन बॅगेतच घाला, हातातल्या बॅगेत पांढरी पूड दिसली की सिक्युरिटीवाले सगळी बॅग उलटी करून बघतात.